मातीवरची अक्षरे

'सफारी' हा शब्द पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला. त्याचा मूळ अर्थ अगदी साधा : प्रवास. स्वाहिलीने तो अरबीतून घेतला आणि त्याच अरबी मुळातला 'सफर' हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन कधीच घरचा झाला. एका आईची दोन लेकरे दोन गावी वाढावीत, तसे हे दोन शब्द हिंदी महासागराच्या दोन किनाऱ्यांवर वाढले. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातील शिकारी बंदुका, तंबू आणि ओझी वाहणाऱ्या माणसांचे तांडे घेऊन आफ्रिकेच्या रानात शिरू लागले, आणि सफारी म्हणजे शिकारीची मोहीम असा अर्थ रूढ झाला. पायी शिकार करताना जे पाच प्राणी सर्वांत धोक्याचे ठरत, त्यांना 'बिग फाइव्ह' असे नाव मिळाले : सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. आता बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. यादी मात्र बदललेली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या चलनी नोटांवरही हेच पाच प्राणी छापलेले आहेत, आणि रानातून संध्याकाळी परतणारा प्रवासी आजही बोटांवर त्यांचाच हिशेब करतो. पाचापैकी किती दिसले?

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात असे हजारो प्रवासी हिंडत होते. त्यांत एक वडील आणि त्यांची मुलगी होती. मुलगी जोहान्सबर्ग शहरात नोकरी करणारी. वडील मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात पस्तीस वर्षे वनरक्षक म्हणून सेवा करून निवृत्त झालेले. वय त्रेसष्ट. पहिल्या पगारापासून वडिलांना एकदा आफ्रिकेचे रान दाखवायचे, असे मुलीने मनाशी ठरवले होते. वडिलांचा उत्साह मात्र बेताचाच होता. "जन्मभर जंगलच पाहिलं, आता तिकडे जाऊन आणखी काय पाहायचं?" असे ते प्रत्येक फोनवर म्हणत. शेवटी लेकीच्या शब्दाखातर ते आले.

क्रुगर उद्यानाचा विस्तार ध्यानात यायला थोडा वेळ लागतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पासारखे सात प्रकल्प त्यात मावतील. दक्षिणेकडील क्रोकोडाइल नदीपासून उत्तरेकडील लिंपोपो नदीपर्यंत त्याची लांबी सुमारे ३६० किलोमीटर भरते. पूर्वेला मोझांबिक, उत्तरेला झिंबाब्वे. ऑगस्ट हा तिथला हिवाळ्याचा अखेरचा महिना. पाऊस थांबून महिने लोटलेले असतात, गवत सुकून आडवे झालेले असते, झाडे उघडी पडलेली असतात आणि पाणी मोजक्याच ठिकाणी उरलेले असते. त्यामुळे प्राणी पाण्यापाशी येतात आणि दुरूनही दिसतात. प्रवाशांच्या दृष्टीने हा सुगीचा काळ.

उद्यानाचे नियम कडक आहेत. ऑगस्टमध्ये सकाळी सहा वाजता दारे उघडतात आणि सायंकाळी सहाला मिटतात. डांबरी रस्त्यावर ताशी पन्नास आणि कच्च्या रस्त्यावर चाळीस किलोमीटर ही वेगाची मर्यादा आहे. ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर कोठेही गाडीतून खाली उतरता येत नाही. हे सारे नियम योग्य आहेत, हे त्या निवृत्त वनरक्षकाला कुणी सांगायला नको होते. असे नियम त्यांनी स्वतः लोकांना हजारदा समजावून दिले होते. तरी ज्या माणसाने आयुष्यभर रोज दहा-पंधरा किलोमीटर पायी गस्त घातली, त्याला काचेआडून रान पाहणे अवघड जात होते. दुसऱ्या दिवशी ते मुलीला म्हणाले, "पंगत बसली आहे आणि आपण खिडकीतून बघतो आहोत, असं वाटतं गं."

पहिले दोन दिवस ती दोघे साबी नदीच्या काठाकाठाने हिंडली. त्या दोन दिवसांतच पाचापैकी चार प्राणी पाहून झाले. हत्तींचा कळप रस्ता ओलांडत असताना अर्धा तास थांबावे लागले. रानम्हशींच्या पाठीवर बसून गोचिड्या टिपणारे पक्षी पाहून वडिलांना घरच्या गाईम्हशींबरोबर फिरणारे बगळे आठवले. सिंह दिसला तो मात्र मोटारींच्या गर्दीमुळे. वीसेक गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि एका झुडपाच्या सावलीत दोन सिंहिणी झोपल्या होत्या. मुलगी दुर्बीण लावून बघत होती. वडील मात्र रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहत होते. तिथे इम्पाला हरणांचा एक कळप एकदम निश्चल उभा होता. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला, सगळ्यांचे कान ताठ.

"तिसरी त्या बाजूला आहे," वडील हळूच म्हणाले.

पाच मिनिटांनी हरणांनी पाहिलेल्या दिशेच्या गवतातून तिसरी सिंहीण उठली आणि दोन पावले चालून पुन्हा बसली. वीस गाड्यांपैकी कुणाचेच तिकडे लक्ष नव्हते. चितळांचे आणि वानरांचे इशारे ऐकून वाघाचा ठाव लावणाऱ्या माणसाला इम्पाला हा प्राणी नवा होता. त्याची भीती नवी नव्हती.

त्याच दिवशी दुपारी एका पाणवठ्यावर गेंडा दिसला. शेजारच्या गाडीतून कॅमेरा बाहेर आला आणि लगेच आत गेला. गेंड्याचे शिंग कापलेले होते. नाकावर शिंगाच्या जागी दोन बोथट खुंट तेवढे उरले होते. ज्यांना चित्रातल्यासारखा गेंडा हवा होता, त्यांची निराशा झाली. वडील त्या गेंड्याकडे खूप वेळ पाहत राहिले.

त्या खुंटामागचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे. दक्षिणेकडील पांढऱ्या गेंड्याची एकोणिसाव्या शतकात इतकी शिकार झाली, की शतकाच्या अखेरीस झुलूलँडमधील उम्फोलोझी नद्यांच्या परिसरात काही डझन जनावरेच काय ती उरली होती. १८९५ मध्ये त्या रानाला संरक्षण मिळाले आणि गेंडे हळूहळू वाढले. १९६० च्या दशकात इयान प्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथले गेंडे गुंगीचे औषध देऊन पकडले व इतर रानांत नेऊन सोडले. क्रुगरमध्ये पांढरा गेंडा पुन्हा आला तो असा. या प्लेअर यांचे गुरू होते मागकुबू न्तोम्बेला नावाचे झुलू वनरक्षक. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. रानाविषयी आपण जे शिकलो ते या माणसाकडून शिकलो, हे प्लेअर यांनी जाहीरपणे मान्य केले आणि त्यांच्यावर पुस्तकही लिहिले. पुढे गेंड्याच्या शिंगाला परदेशी बाजारात अफाट किंमत येऊ लागली आणि चोरट्या शिकारीने पुन्हा डोके वर काढले. २०१४ या एका वर्षात दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे मारले गेले. शिंग ही आपल्या नखांसारखीच वाढणारी वस्तू आहे. कापले तरी पुन्हा येते, जनावराला इजा होत नाही. म्हणून रक्षकच आता गेंड्याला बेशुद्ध करून त्याचे शिंग कापतात. ज्याच्यासाठी जीव घेतला जातो, तेच आधी काढून ठेवायचे. "चोरांच्या भीतीने लेकीच्या अंगावरचे दागिने उतरवून ठेवावेत तसं हे," वडील म्हणाले. त्यांनी त्या गेंड्याचे एक छायाचित्र मुलीकडून मुद्दाम काढून घेतले.

संध्याकाळी दोघे स्कुकुझा या मुख्य विश्रामतळावर परतली. तिथल्या अंगणात पाने नसलेल्या बुटक्या झाडांना गुलाबी-पांढरी फुले लगडली होती. आपल्याकडे कुंडीत लावतात त्या अडेनियमचीच ही रानटी भावंडे. 'स्कुकुझा' या नावाचा अर्थ मुलीने तिथल्या एका कर्मचाऱ्याला विचारला. १९०२ साली या रानाचे पहिले अधिकारी म्हणून जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन आले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. १९२६ मध्ये क्रुगर राष्ट्रीय उद्यान झाले, त्यामागे त्यांचेच परिश्रम होते. स्थानिक लोकांनी त्यांना ठेवलेले नाव स्कुकुझा. त्याचा अर्थ सांगतात तो असा : झाडून साफ करणारा. त्यांनी रानातली चोरटी शिकार झाडून काढली, हे खरे. पण प्राण्यांसाठी जागा मोकळी करताना तिथे राहणारी माणसेही हलवली गेली, हेही तितकेच खरे. एकाच नावात कौतुकही होते आणि तक्रारही. ते नाव आता पाटीवर आहे, नकाशावर आहे आणि तिथल्या विमानतळावरही आहे.

तिसऱ्या दिवसापासून प्रवास उत्तरेकडे सुरू झाला. साबी मागे पडली, मग ओलिफंट्स आणि लेटाबा या नद्या मागे पडल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोपानीची झुडपे दिसू लागली. फुलपाखराच्या पंखांसारखी जोडपाने हिवाळ्याने तांबूस झालेली. एके सकाळी दूरवर एक चित्ता वारुळावर उभा दिसला. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले होते. २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि २०२३ मध्ये याच दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले. "आपल्याकडे गेलेत ते याचेच नातेवाईक," असे मुलगी म्हणाली तेव्हा वडील हसले. "मग पाहुणा आपणच आहोत की तो, हे ठरवायला हवं."

पुढे एका ठिकाणी मकरवृत्ताची खूण लागली. शाळेच्या नकाशात तुटक रेषेने दाखवलेले ते वृत्त इथे रस्त्याकडेच्या एका फलकावर होते. त्या रात्री विश्रामतळाच्या कुंपणाशी उभे राहून त्यांनी आकाश पाहिले. मेळघाटात दक्षिणेकडे दिसणारा वृश्चिक इथे नांगी उभारून थेट डोक्यावर आला होता आणि त्रिशंकू नैऋत्येला स्पष्ट चमकत होता. कुंपणापलीकडे तरस ओरडत होते.

प्रवासाचा शेवटचा टप्पा होता पाफुरी. लुवुव्हू आणि लिंपोपो या दोन नद्यांच्या मधला हा उद्यानाचा उत्तर टोकाचा भाग. नद्यांचा संगम होतो तिथे दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि मोझांबिक या तीन देशांच्या सीमा एकत्र येतात. इथले रान दक्षिणेपेक्षा अगदी वेगळे आहे. पाणथळ जमिनीवर पिवळसर हिरव्या खोडांची उंच झाडे दाटीने उभी असतात. त्यांना इंग्रजीत 'तापाची झाडे' म्हणतात, कारण त्यांच्यामुळेच ताप येतो असा पूर्वीच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांचा समज होता. दोष झाडांचा नव्हता. त्याच ओलीत वाढणाऱ्या डासांचा होता. जरा उंचावर गोरखचिंचेचे अजस्र वृक्ष दिसतात. मध्य प्रदेशातील मांडूला किंवा कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ज्यांनी गोरखचिंच पाहिली असेल, त्यांना तिची ओळख लगेच पटते. हे झाड मूळचे आफ्रिकेचे. समुद्रमार्गाने केव्हातरी ते भारतात आले आणि इथे त्याला गोरखनाथांचे नाव मिळाले.

पाफुरीला गाडी सोडून पायी हिंडण्याची सोय होती. बरोबर दोन वाटाडे, दोघांकडे बंदुका. सगळ्यांनी एका रांगेत चालायचे, बोलायचे नाही, थांबण्याची खूण होताच जागच्या जागी थांबायचे. पुढचा वाटाड्या चाळिशीचा असावा. मुलगी वडिलांना 'बाबा' म्हणते हे ऐकून त्याने आश्चर्याने मागे पाहिले. झुलू भाषेतही बापाला आणि बापासारख्या वडीलधाऱ्या माणसाला 'बाबा' अशीच हाक मारतात. त्या क्षणापासून तोही त्यांना बाबाच म्हणू लागला.

त्याच्या हातात राखेने भरलेली एक छोटी पिशवी होती. मधूनमधून तो ती झटकी आणि राख कोणत्या दिशेला उडते ते पाही. वाऱ्याबरोबर माणसाचा वास पुढे गेला, तर जनावर सावध होते. मेळघाटात हेच काम चिमूटभर धूळ हवेत सोडून करत. पाच दिवस काचेआड बसलेल्या त्या माणसाच्या चालण्यात आता फरक पडला होता. पाठ सरळ झाली होती. पाऊल आवाज न करता पडत होते.

नदीच्या कोरड्या पात्रात वाळूचा एक लांब पट्टा होता. पुढचा वाटाड्या हत्तीच्या ठशांकडे पाहत होता. मागच्या पायाचा ठसा लांबट आणि पुढच्याचा वाटोळा असतो, आणि तळव्यावरच्या भेगांवरून एक हत्ती दुसऱ्यापासून ओळखता येतो, हे तो सांगत होता. एवढ्यात बाबा दोन हात अंतरावर गुडघ्यावर बसले. त्यांनी बोट टेकवले नाही; ठशाभोवती हवेतच एक वर्तुळ काढले.

"बिबट्या," ते म्हणाले.

वाटाड्या जवळ आला, वाकला. "इंग्वे," तो म्हणाला.

दोघांनाही दुसऱ्याचा शब्द ठाऊक नव्हता. मुलीने भाषांतर करायला तोंड उघडले. पण त्याची गरज उरली नव्हती. वनरक्षकाने चार बोटे आणि गादीची रुंदी दाखवून पुढचा पंजा असल्याचे सांगितले. वाटाड्याने मान डोलावली. नखे उमटलेली नाहीत, म्हणजे तरस नव्हे, असे दोघांनीही दोन भाषांत सांगितले. ठसा मोठा आणि गोलसर, म्हणजे नर. मग वाटाड्याने ठशाच्या कडेला एक बारीक नागमोडी रेघ दाखवली. रात्री हिंडणारा एखादा किडा ठसा उमटल्यानंतर त्यावरून गेला होता. म्हणजे जनावर पहाटेच्या आधीच निघून गेले होते. हे वनरक्षकाने आधीच पाहिले होते; तरी त्यांनी ते वाटाड्याला सांगू दिले.

बिबट्या हा प्राणी मेळघाटात आणि पाफुरीत एकच आहे. प्राणिशास्त्रात त्याची जातही एकच. तो दिसला नाही. यादीतला पाचवा प्राणी राहून गेला. परंतु त्या वाळूवर त्याने जे लिहून ठेवले होते, ते दोन खंडांतली दोन माणसे खळखळ न करता वाचू शकली.

ही विद्या शाळेत मिळत नाही, म्हणून ती विद्याच नव्हे असे पुष्कळ काळ मानले गेले. मेळघाटात वाघांची गणना ठशांवरून होत असे, तेव्हा ठशावर काच ठेवून त्याची आकृती उतरवायची आणि त्यात प्लास्टर ओतून साचा घ्यायचा, हे काम वनरक्षक करत; पण ठसा शोधून देणारा बहुधा एखादा रोजंदारीवरचा कोरकू माणूस असे. अहवालात त्याचे नाव क्वचितच येई. दक्षिण आफ्रिकेतही असेच होते. तिथे लुई लीबेनबर्ग या अभ्यासकाने १९९४ पासून माग काढणाऱ्यांची परीक्षा घेण्याची पद्धत सुरू केली. कागद नाही, लेखणी नाही. परीक्षक आणि परीक्षार्थी रानात हिंडतात. जमिनीवरच्या खुणा दाखवून प्रश्न विचारले जातात : हा ठसा कुणाचा, तो कुठे चालला होता, काय करत होता? बरोबर उत्तरे देणाऱ्याला त्याच्या दर्जाप्रमाणे प्रमाणपत्र मिळते. त्यांनीच पुढे हातातल्या छोट्या संगणकासाठी चित्रांची एक योजना तयार केली. अक्षर न येणारा माणूस त्यावर प्राण्यांची चित्रे दाबून आपण पाहिलेल्या गोष्टींची नोंद करू शकतो. आयुष्यभर ज्यांना निरक्षर म्हटले गेले, त्यांच्या नोंदी अशा रीतीने शास्त्राच्या कामी येऊ लागल्या. पाफुरीच्या वाटाड्याकडेही असे प्रमाणपत्र होते. ते घरी आईने चौकट करून भिंतीवर लावले आहे, असे तो लाजत म्हणाला.

दुपारी सगळे एका टेकाडाच्या सावलीत बसले. पलीकडच्या टेकडीवर थुलामेला नावाचे दगडी भिंतींचे एक प्राचीन नगर आहे. सुमारे तेराव्या ते सतराव्या शतकापर्यंत तिथे वस्ती होती. उत्खननात सोन्याचे दागिने सापडले, तसेच हिंदी महासागरावरील व्यापाराबरोबर आलेले काचेचे मणी आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडेही सापडले. म्हणजे ज्याला प्रवासी निर्मनुष्य रान समजतात, तिथून कित्येक शतकांपूर्वी समुद्रापारचा व्यापार चालत होता. १८९६ मध्ये बुळकांडीच्या साथीने लिंपोपो ओलांडली आणि दक्षिण आफ्रिकेतील गुरे व रानम्हशी लाखोंनी मेल्या, तेव्हाही या परिसरात माणसे राहत होती, शेती करत होती, मासे धरत होती. ती माणसे गेली कुठे?

या प्रश्नाचे उत्तर वाटाड्याने दिले, कारण ते त्याच्या घरातलेच होते. तो माकुलेके समाजाचा. त्याची आजी याच नदीकाठी जन्मली होती. १९६९ साली वर्णभेदाच्या राजवटीत उद्यान वाढवण्यासाठी माकुलेके लोकांना इथून उठवण्यात आले. सशस्त्र माणसांसमोर आपली घरे आपल्याच हातांनी पेटवावी लागली, असे तिथले वृद्ध सांगत आले आहेत. दक्षिणेला कित्येक किलोमीटरवर त्यांना नवी जागा देण्यात आली. १९९४ मध्ये वर्णभेदाची राजवट संपली. लोकांनी न्यायालयाचे दार ठोठावले आणि १९९८ मध्ये सुमारे २४ हजार हेक्टर जमिनीची मालकी त्यांना परत मिळाली. या जमिनीवर शेती किंवा खाणकाम करायचे नाही, ती वन्यजीवांसाठीच ठेवायची आणि तिचा कारभार उद्यानाबरोबर संयुक्तपणे चालवायचा, असा करार झाला. आज तिथल्या पर्यटनातून येणाऱ्या उत्पन्नात त्यांचा वाटा असतो.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलीला एक प्रश्न विचारायला सांगितले. "जमीन मिळाली, तर परत राहायला का नाही आलात?"

वाटाड्याने उत्तर द्यायला घाई केली नाही. "तीस वर्षांत माणसं तिकडे रुजतात, बाबा. आमची शाळा तिकडे आहे, दवाखाना तिकडे आहे. आमच्या कबरी इथे आहेत आणि आता तिथेही आहेत. पण एक फरक पडला. इथे काही करायचं असलं, तर आता आधी आम्हाला विचारावं लागतं."

परतताना त्याने वाटेत एक जागा दाखवली. झाडीत थोडी मोकळी जमीन, चुलीचे असावेत असे तीन दगड आणि धान्य दळून दळून मध्यभागी खोलगट झालेला एक मोठा पाटा. शेजारी मारुलाचे जुने झाड. बाबांनी त्या दगडाच्या खोलगट भागावरून हात फिरवला. अशी जागा त्यांना नवी नव्हती. मेळघाटात ज्या गावांचे पुनर्वसन झाले, त्या गावांच्या जागीही असेच उरते : एखादा ओटा, एखादे फुटके जाते, मोहाची आणि आंब्याची झाडे. गाव उठते; झाडे उठत नाहीत.

त्यांना ठशांची ओळख करून देणारा कोरकू सोबती अशाच एका गावचा होता. गाव हलले त्या दिवशी ट्रकमध्ये त्याच्या कणगीला हात लावायला बाबा गेले होते. नव्या गावात वीज आली, रस्ता आला, मुलांना शाळा जवळ झाली. जुन्या शेतांवर गवत वाढले, गवतावर चितळ आले आणि चितळांमागे वाघ आला. हे सगळे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि त्याचा आनंदही त्यांना झाला होता. तरी नव्या घराच्या दारात बसलेला तो सोबती कधीकधी नुसता डोंगराकडे पाहत बसे, हेही त्यांनी पाहिले होते. या दोन दृश्यांपैकी कोणते खरे, असा प्रश्न त्यांना कुणी विचारला असता, तर दोन्ही, एवढेच ते सांगू शकले असते. वाघाला जागा हवी आणि माणसालाही. पण जागा देताना ज्याला उठावे लागते, त्याला कुणी विचारले होते का, हा प्रश्न पाफुरीला पहिल्यांदा त्यांच्यासमोर इतक्या साध्या शब्दांत आला.

त्या रात्री दिव्याच्या उजेडात त्यांनी वही काढून पत्र लिहायला घेतले. मुलगी म्हणाली, "बाबा, टपालाने महिने लागतील. आठ दिवसांनी तुम्ही परत जाणारच आहात, तोंडानेच सांगा की."

"तोंडी सांगितलेलं मी माझ्याच सोयीने सांगेन," ते म्हणाले. "लिहिलेलं त्याची नात त्याला वाचून दाखवेल. पत्र हातात नेऊन देतो."

पत्र लांबलचक नव्हते. सिंह, हत्ती यांचा त्यात उल्लेख नव्हता. वाळूवर बिबट्याचा ठसा पाहिला, नर होता, पुढचा पंजा, तू दाखवलास तसाच ओळखला, असे त्यांनी आधी लिहिले. मग इथल्या एका गावाची हकीगत लिहिली. ते कसे उठले, जमीन कशी परत मिळाली आणि तरीही त्यांनी ती रानालाच कशी ठेवली. आता इथे काही करायचे तर गावाला आधी विचारतात, हे वाक्य त्यांनी लिहिले आणि त्याखाली रेघ ओढली. पुढे थोडी जागा राहिली होती. बराच वेळ लेखणी थांबली. मग त्यांनी लिहिले : देवाच्या पूजेला दरसाल जुन्या गावी जाता, तेव्हा पुढच्या खेपेला मलाही बोलव. तुझ्या घरामागच्या आंब्याने यंदा फळ धरले होते का, ते विचारायचे इतकी वर्षे राहूनच गेले.